न वितळता घडणारं लोखंड

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर सिलतरा येतं. धरसींवा तालुक्यातलं मुळात धानाचं गाव. पावसाळ्यात बांधाच्या आत आजही रोपं डोलतात आणि बांधापलीकडे धुराड्यांची रांग उभी असते. या धुराड्यांच्या पायथ्याशी लोखंड तयार होतं, आणि तेही न वितळता.

लोखंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल रस ओतणारी भिलाईची झोतभट्टी येते. सिलतऱ्याच्या किल्नमध्ये रस नसतोच. किल्न म्हणजे आडवं ठेवलेलं, किंचित उतरतं पोलादी नळकांडं. रोज शंभर टन माल देणारं किल्न साधारण ४२ मीटर लांब असतं. आतून त्याला उष्णतारोधक अस्तर असतं. ते इतकं संथ फिरतं की एक फेरा पुरा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. जवळ उभं राहिलं तर आधी त्याची धग अंगाला लागते आणि बऱ्याच वेळाने कळतं, अरे, हे फिरतंय! वरच्या तोंडाने लोहखनिज, दगडी कोळसा आणि गंधक शोषून घ्यायला थोडा डोलोमाइट आत जातो. कित्येक तास गडगडत हा माल खालच्या टोकाला पोचतो.

आत जे घडतं त्याला मी तरी चमत्कारच म्हणेन. शुद्ध हेमॅटाइटच्या वजनातला ३० टक्के भाग प्राणवायूचा असतो. कोळशापासून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हमालासारखा खनिजाच्या ढेकळात शिरतो, तिथला प्राणवायू उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तापलेल्या कोळशाला भिडला की तो पुन्हा मोनॉक्साइड होतो आणि पुढच्या खेपेला लागतो. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. इथे हजार-साडेदहाशेवरच काम भागतं. ढेकूळ ढेकूळच राहतं, फक्त प्राणवायू गेलेल्या जागा पोकळ होतात. हातात घेतलं तर करडं, खडबडीत, खनिजापेक्षा हलकं. चुंबकाला मात्र टपकन चिकटतं. हेच स्पंज आयर्न. उरलेल्या कोळशातून ते वेगळं काढतात तेही चुंबकानेच.

या पोकळ जागांमुळेच ते नाजूकही असतं. गरम असताना हवा लागली तर घालवलेला प्राणवायू ते परत ओढून घेतं. म्हणून ते बंद नळकांड्यातच थंड करतात आणि पाणी फक्त बाहेरून शिंपडतात. पुढे ढिगाऱ्यात ओल शिरली तरी ते तापतं, कधी पेटही घेतं. पाण्याने पेटणारं लोखंड!

हे सगळं इथेच का? झोतभट्टीला कोकिंग कोळसा लागतो आणि कोरब्याचा कोळसा त्या जातीचा नाही. किल्नला मात्र तो चालतो. खनिज बस्तरकडचं, वीज कोरब्याची, जवळून हावडा-मुंबई लोहमार्ग. गणित जुळलं. कोळशावर स्पंज आयर्न करणारे इतके कारखाने एकत्र देशात फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. पुढे विजेच्या इंडक्शन भट्टीत ते वितळवून बिलेट ओततात आणि त्यांच्या सळ्या लाटतात. जालन्याच्या भट्ट्यांतही भंगारासोबत स्पंज आयर्न पडतं.

या भागातल्या लोखंडाशी आपल्या नागपूरचा जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलाद कारखान्यासाठी चालवलेला चांद्याकडचा लोहखनिजाचा शोध सोडतोय, हे मध्य प्रांताच्या मुख्य आयुक्तांना सांगायला दोराबजी टाटा नागपूरला आले होते. भेटीला वेळ होता, म्हणून ते जवळच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात, शिरले. तिथल्या भूगर्भनकाशावर दुर्ग भागात लोहखनिजाच्या खुणा दिसल्या आणि शोध दल्ली-राजहराच्या डोंगरांकडे वळला. त्यांचा कारखाना पुढे साकचीला झाला, पण १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली ती याच डोंगरांच्या भरवशावर.

खरं नवल त्याहून जुनं आहे. मैकल डोंगरातले अगरिया मातीच्या छोट्या भट्टीत, पायाने भाते चालवून, लाकडी कोळशावर लोखंड काढत. व्हेरियर एल्विनने १९४२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या भट्टीत मळी वितळून वाहायची, लोखंड मात्र घट्टच राहायचं. मग ते ठोकून घडवायचे. लोहासुराला पुजणाऱ्या त्या माणसांनी जो रसायनाचा मार्ग धरला, तोच किल्नमध्ये चालू आहे. या कारखान्यांच्या दारावर त्यांचं नाव लागायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

किल्न रात्रंदिवस चालतं, त्यामुळे गावाचं घड्याळ पाळ्यांवर फिरतं. आसपासच्या छत्तीसगढी गावांतले, बिहार-ओडिशातले कामगार धगीसमोर उभे असतात. उन्हाळ्यात इथल्या माणसाचा आधार म्हणजे बोरे-बासी : पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा, मिरची. २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनीच, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्या राज्याला ती खायचं आवाहन केलं होतं.

या गावाने मोजलेली किंमत गच्चीवर दिसते. वाळवणावर, तळ्याच्या पाण्यावर, धानाच्या पात्यांवर काळी बारीक धूळ बसते. ती अटळ नाही. विजेच्या भाराने धूळकण पकडणारी यंत्रं या धुराड्यांसाठीच असतात. किल्नच्या गरम वायूवर वीजही करता येते. मात्र धूळ पकडणारी यंत्रं स्वतः वीज खातात, आणि रात्री ती बंद ठेवली तर खर्च वाचतो. म्हणून सिलतऱ्याचे लोक रात्री धुराड्यांकडे बघतात आणि सकाळी गच्चीवर बोट फिरवून पाहतात. तपासणी अधिकाऱ्यांनीही रात्रीच यायला हवं.