हिरवळीचे खत : मातीतील नत्राचा प्रवास

'हिरवळीचे खत गाडले' असे आपण सहज म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. वस्तुस्थितीच्या दृष्टीने मात्र ते थोडे घाईचे आहे. जमिनीत गाडली जाते ती हिरवळ. तिचे खत नंतर होते, आणि त्यानंतरच्या भाजीपाल्याचे हिताहित या मधल्या काळात ठरते.

वाशीम जिल्ह्यातील धनजच्या परिसरात सोयाबीन, कपाशी, तूर ही पिके सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथील एखाद्या शेतकऱ्याने वांगी किंवा पालक लावण्यापूर्वी ताग पेरला, तर दीड-दोन महिने त्याची जमीन अडकून पडते. त्याचा मोबदला त्याला नत्राच्या रूपाने मिळायचा असतो. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही वनस्पतीला ते थेट घेता येत नाही. तागाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू ते वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. द्विदल पिके गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवतात, हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये मांडले. गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसली, तर तिचे कार्य चालू आहे असे समजावे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या बऱ्यावाईट परिणामाला शेतकरी 'बेवड' म्हणतात. 'नत्र' हा पारिभाषिक शब्द त्या परिणामाचे एक कारण सांगतो. अनुभव मात्र 'बेवड' या शब्दातच आहे.

गाडलेल्या तागातील नत्र पानांच्या प्रथिनांत बांधलेले असते. सूक्ष्मजीव ती प्रथिने कुजवतात. त्यातून प्रथम अमोनियम व पुढे नायट्रेट तयार होते. ताग कोवळा असेल तर हे काम लवकर होते. जून तागाचे खोड तंतुमय असते. त्याचेच दोर वळतात, हे आपण जाणतोच. अशा खोडात नत्राच्या मानाने कर्ब फार असतो. तो पचवण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतील उपलब्ध नत्रही स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे खत घालूनही रोपे काही काळ पिवळी पडू शकतात. म्हणून ताग फुलकळी लागण्याच्या सुमारास गाडणे इष्ट.

अमोनियमवर धनभार असतो, त्यामुळे चिकणमातीचे कण ते धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋणभार असल्याने ते पाण्याबरोबर चालू लागते. जोराचा पाऊस झाला की ते पालकाच्या उथळ मुळांखाली निघून जाते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, तर हवेअभावी काही जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, आणि हवेतून मिळवलेले नत्र पुन्हा हवेत जाते. दोन महिन्यांची जमीन आणि बियाण्याचा खर्च अशा वेळी वाया जातो.

यासाठी ताग गाडल्यावर वाफसा असताना साधारण दोन-तीन आठवडे कुजू द्यावा व मग लागवड करावी. मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती 'वाफसा' या एकाच शब्दात सामावली आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नेमकी हीच स्थिती मानवते. मात्र लागवड फार लांबवू नये. नायट्रेट तयार होत असतानाच ते घेणारी मुळे तेथे असावी लागतात. तागातील सर्व नत्र पहिल्याच पिकाला मिळत नाही. त्याचा काही भाग सेंद्रिय पदार्थात राहतो व पुढील हंगामांत सावकाश सुटा होतो.