ग्राहकाची हौस आणि संकेतस्थळाची दारे

संकेतस्थळ बनवून घेणाऱ्याला ते सर्वप्रथम देखणे हवे असते. फिकट राखाडी अक्षरे आणि सुलेखनातील मराठी मथळे ही मागणी ठरलेली. पैसे त्याचे असल्याने वेब डिझायनर सहसा मान डोलावतो.

मथळा चित्राच्या रूपात टाकला, की दृष्टिहीनांचे स्क्रीन रीडर त्यापाशी मुके होते. चित्राला पर्यायी मजकूर जोडल्यास तो वाचून दाखविला जातो. हे काम मिनिटभराचे. त्याहून उत्तम उपाय म्हणजे युनिकोड मजकुराला वेबफॉन्टचा साज चढविणे. अक्षरांचे वळण ग्राहकाच्या मनाजोगते राहते आणि मजकूर यंत्रालाही वाचता येतो. रंगाचेही तसेच. 'डब्ल्यूसीएजी २.०' या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील 'एए' पातळीनुसार सर्वसाधारण मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे लागते. राखाडी छटा थोडी गडद केल्यास बहुधा तेवढ्याने भागते आणि ग्राहकाला हा बदल क्वचितच खटकतो.

खरा वाद खर्चाचा. सिडनी ऑलिम्पिकच्या संकेतस्थळाविरुद्ध ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने १९९९ मध्ये तक्रार केली, तेव्हा आयोजकांनी खर्चाचेच कारण पुढे केले. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये ते फेटाळले. आयोजकांना २० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. भारतातही सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा जीविताच्या हक्काचा भाग मानला. तरीही डिझायनरने हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरलेला बरा. वेगळा दाखविला, की ग्राहकाची पहिली काट त्यावरच पडते.