पुढचं गाणं कोण ठरवतं

गाणं सुरू झालं की निवेदकाचा माईक बंद होतो आणि खरं काम तिथून सुरू होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा निवांत बसला असेल. प्रत्यक्षात त्याच्या हाताशी साडेतीन-चार मिनिटं असतात, पंक बँडचं गाणं असेल तर दोनच. तेवढ्यात पुढचं गाणं ठरवायचं, ते शोधून काढायचं, त्याची सुरुवात कानाला लावून पाहायची, आत्ताचं गाणं कसं संपतं ते आठवायचं, वाजत असलेल्या गाण्याचं नाव यादीत चढवून त्याबद्दल दोन ओळी लिहायच्या आणि श्रोत्यांचे आलेले निरोप वाचायचे. हे सगळं मी काचेच्या अलीकडून पाहिलं आहे. एकदा पाहिल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन पाहावंसं वाटलं.

ती काच सिएटलमध्ये आहे. स्पेस नीडलच्या जवळ, सिएटल सेंटरच्या आवारात केईएक्सपी या रेडिओ केंद्राची इमारत आहे. २०१६ साली केंद्र तिथे आलं. आत एक मोठा मोकळा हॉल आहे. तिथे कॉफी मिळते, बसायला जागा आहे, कोणीही यावं आणि हवा तितका वेळ थांबावं. हॉलच्या एका बाजूला निवेदकाची खोली आहे आणि मधे फक्त काच. आम्ही शहराला लागून असलेल्या मोठ्या तळ्याच्या पलीकडच्या गावात राहतो. संगणकाच्या नोकऱ्यांमागे आलेली कितीतरी मराठी घरं त्या भागात आहेत. गणपतीला, दिवाळीला सगळे भेटतात. पण या हॉलमध्ये मी बहुधा एकटीच जाते, आणि ते बरंच आहे, कारण इथे गप्पा मारायच्या नसतात. हॉलमधल्या स्पीकरवर प्रक्षेपण चालू असतं. कानावर गाणं पडत असतं आणि ते गाणं हवेत सोडणारे हात समोर दिसत असतात.

त्या हातांकडे पाहावं. रेकॉर्ड पाकिटातून निघते, कडांवर बोटं टेकवून तबकडीवर जाते, सुई खाली येते. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान बाहेर वाजणाऱ्या गाण्याला मोकळा. पहिला सूर लागला की बोटाने रेकॉर्ड उलटी फिरवतात, सूर जिथे सुरू होतो त्याच्या जरा मागे, आणि तिथेच धरून ठेवतात. तबकडीला पूर्ण वेग घ्यायला क्षणभर लागतो, तेवढं अंतर सोडावंच लागतं. कमी सोडलं तर पहिला सूर रडल्यासारखा वर चढत येतो, जास्त सोडलं तर शांतता ऐकू येते. डिजिटल संग्रहातलं गाणं असेल तर ही कसरत नाही. पण बरेच निवेदक अजून रेकॉर्डच काढतात, आणि कपाटाशी जाऊन बोटांनी पाकिटं चाळताना त्यांना भलतंच काही सापडतं, असं मला वाटतं. पडद्यावर तुम्ही जे शोधता तेच मिळतं.

मग येतो सांधा. काही गाणी हळूहळू विरत जातात, काही एका ठोक्यावर तुटतात. विरणाऱ्या गाण्याखालून पुढचं वर आणता येतं. तुटणाऱ्या गाण्यानंतर मात्र पुढचा ठोका नेमका पडायला हवा. निवेदक फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, बोट ठेवून वाट पाहत असतो. ओठ हलत असतात, मनात मात्रा मोजणं चालू असतं. बोलायची वेळ आली की माईकचा फेडर वर जातो, लाल दिवा लागतो आणि खोलीतले स्पीकर आपोआप गप्प होतात, नाहीतर आवाज माईकमध्ये फिरत राहील. म्हणजे आपण काय बोलतो आहोत आणि खाली कोणतं संगीत चाललं आहे, हे त्याला फक्त हेडफोनमधून कळतं.

एका दुपारी एक निवेदिका होती. तिने मडहनी या बँडचं एक जुनं, खरखरीत गिटारचं गाणं लावलं. ते इथलंच, सिएटलचं. त्यावरून ती नायजरमधल्या एम्डू मॉक्टार या तुआरेग गिटारवादकाकडे गेली, आणि तिथून एकदम १९७०च्या दशकातल्या लंडनच्या वायर या बँडकडे. तीन देश आणि चार दशकांचं अंतर. पण ऐकताना कुठेच अडखळायला झालं नाही, कारण तिन्ही गाण्यांत एकच छोटी गिटारची फिरत घट्ट धरून ठेवलेली होती. तिने ते सांगितलं नाही. गाणी संपल्यावर फक्त नावं सांगितली, कोणत्या अल्बममधली, कोण कुठला, आणि यातलं कोण लवकरच शहरात वाजवणार आहे. जेमतेम पाऊण मिनिट. गावाकडच्या चांगल्या भजनीबुवांची मला आठवण झाली. समोरची बैठक कुठवर आली आहे हे पाहून ते पुढचा अभंग काढतात, आणि ‘हाच का’ असं त्यांना कोणी विचारत नाही.

‘हाच का’ हे न विचारलं जाणं, यालाच मी स्वतंत्र रेडिओ म्हणते. केंद्राकडे नव्या संगीताचा एक निवडलेला साठा असतो, जास्त वाजवायचं, मध्यम, थोडं, अशा गटांत लावलेला. तासाभरात त्यातली काही गाणी यावीत अशी अपेक्षा असते. पण कोणतं, कधी, कशानंतर, हे माईकसमोरचा माणूस ठरवतो. रेकॉर्डच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवायची इथे जुनी रीत आहे. संगीत संचालकांनी चार ओळींत लिहायचं की हे कशासारखं आहे, कोणती गाणी ऐकावीत, कुठे शिवी आहे. खाली निवेदकांनी आपापलं मत खरडायचं. एक भारावून लिहितो, त्याच्याखाली दुसरा तेवढ्याच तावातावाने विरोधात. ऐकणाऱ्या माणसांमधला असा लेखी वाद मला फार मोलाचा वाटतो.

शिवीची नोंद उगाच नसते. अमेरिकेच्या प्रसारण नियमांप्रमाणे असभ्य मजकूर रात्री १० ते सकाळी ६ एवढ्याच वेळात चालतो. दर तासाच्या सुरुवातीला केंद्राची खूण आणि परवान्याचं शहर सांगावं लागतं. इंटरनेटवरून प्रक्षेपण करायचं तर कायद्याची आणखी बंधनं आहेत. तीन तासांत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत, त्यातली सलग दोनच. एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत, सलग तीनच. कोणतं गाणं कधी लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. कार्यक्रमाची साठवण दोन आठवड्यांनी काढून टाकायची. एवढं सगळं डोक्यात ठेवून तो माणूस सहज सुचल्यासारखा पुढचं गाणं लावतो.

हे केंद्र १९७२ साली युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलं. तेव्हा नाव केसीएमयू आणि ताकद १० वॅट, म्हणजे विद्यापीठाच्या आसपास ऐकू येईल एवढी. १९८०च्या सुमारास विद्यापीठाचा पैसा आटला, केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर आलं आणि विनामोबदला काम करणाऱ्या निवेदकांनी ते चालवलं. त्या निवेदकांत ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन होते. पुढे दोघांनी मिळून सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी उभी केली. साउंडगार्डन या बँडचा गिटारवादक किम थायिल होता. त्याचे आईवडील भारतातून, केरळहून आलेले. मडहनीचा मार्क आर्म होता. १९८८ साली निर्वाणा या बँडची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा त्यांचा गायक कर्ट कोबेनने ती स्वतः केंद्रावर नेऊन दिली आणि नंतर सार्वजनिक फोनवरून आपल्याच गाण्याची फर्माईश केली, ही गोष्ट सिएटलमध्ये आवडीने सांगतात. ग्रंज या सिएटलच्या रॉक संगीताची लाट आली ती आधी अशा लोकांच्या कानांतून गेली होती, आणि रात्री माईकसमोर बसणारे व दिवसा बँडमध्ये वाजवणारे बरेचदा तेच होते.

सगळं गोडीगुलाबीत चाललं असंही नाही. १९९२ साली व्यवस्थापनाने बाहेरून तयार होऊन येणारे कार्यक्रम लावायला घेतले, स्थानिक निवेदकांची वेळ गेली, आणि धोरणावर प्रक्षेपणातून टीका करायची नाही असा नियम केला. काहींनी टीका केली, त्यांना काढलं. श्रोते आणि निवेदक एकत्र आले, वर्गणी बंद करा अशी हाक दिली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि टीकेवरची बंदी अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरली. मला हा प्रसंग केंद्राच्या कीर्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो. गाणं निवडायचा हक्क आणि बोलायचा हक्क इथे वेगळे निघाले नाहीत.

२००१ साली मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांच्या मदतीने केंद्राला नवी जागा आणि केईएक्सपी हे नाव मिळालं. त्याच्या थोडं आधी, १९९६च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका कंपनीने देशभरात किती केंद्रं ठेवावीत यावरची मर्यादा उठवली होती आणि क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे बघता बघता हजाराहून अधिक केंद्रं गेली. तिथे गाण्यांची यादी वरून येऊ लागली. निवेदकाचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून वेगवेगळ्या शहरांत वाजू लागला, जणू तो तिथेच बसला आहे. आपल्याकडच्या खासगी एफएमवरही त्याच वीस-पंचवीस गाण्यांचा फेरा आपण ऐकलेला आहे. मी मुंबईत वाढले. तिथल्या रंगभवनच्या पायऱ्यांवर, १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाच्या गर्दीत मी उभी राहिले आहे. तिथे हजारो मुलं गिटारसाठी वेडी झालेली दिसायची, आणि घरी येऊन रेडिओ लावला की त्यांचा मागमूस नसायचा. एकमेकांच्या कॅसेटी उतरवून घेत आम्ही ऐकलं. आमच्यासाठी निवडून, नाव घेऊन, जबाबदारीने कोणी काही लावलं असतं तर काय झालं असतं, हा विचार काचेसमोर उभं राहिलं की येतोच.

निवडणाऱ्या माणसाचं आयुष्यही त्या निवडीत येतं. सकाळच्या कार्यक्रमाचे जॉन रिचर्ड्स आपल्या आईच्या स्मरणार्थ दरवर्षी एक कार्यक्रम करतात. श्रोते आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते वाचलं जातं, त्यांच्यासाठी गाणी लागतात. तुम्ही एकटे नाही, असं ते वारंवार सांगतात. ‘आपली आवड’मध्ये आकाशवाणीचे निवेदक गावांची आणि माणसांची नावं वाचायचे, तेव्हा आमच्या घरातली मोठी माणसं हातातलं काम थांबवायची. इथे मी गाडीत असते, पुलावरून तळं ओलांडत असते, आणि कोणा अनोळखी माणसाच्या वडिलांसाठी लागलेलं गाणं ऐकताना गाडी बाजूला घ्यावीशी वाटते. याच रिचर्ड्सनी २०१३ साली द क्लॅश या बँडचं एक गाणं लावलं, मग आणखी एक, आणि मग तिथल्या तिथे तो दिवस ‘आंतरराष्ट्रीय क्लॅश दिन’ म्हणून जाहीर केला. आता तो दरवर्षी होतो. २०१५ साली रिचर्ड्स आणि केंद्राचेच निवेदक केव्हिन कोल यांनी बीस्टी बॉइज या गटाचा ‘पॉल्स बुटीक’ हा अल्बम घेतला. त्यात ज्या ज्या जुन्या गाण्यांचे तुकडे वापरले आहेत, ती मूळ गाणी अल्बमच्या क्रमाने लावत बारा तास काढले. कोणत्याही बैठकीत हा प्रस्ताव कोणी मंजूर केला असता असं मला वाटत नाही. पण ऐकणाऱ्यांना त्या एका दिवसात संगीताच्या इतिहासाचा केवढा मोठा तुकडा मिळाला.

या सगळ्याचा खर्च मुख्यतः श्रोते देतात. जाहिराती नाहीत. प्रायोजकांची नावं घेता येतात, पण ‘घ्या’, ‘स्वस्त आहे’ असं म्हणता येत नाही. २०१८ साली एका दिवंगत श्रोत्या बाईंनी मृत्युपत्रातून जवळजवळ १ कोटी डॉलर केंद्राला दिले. बाकी पैसे मात्र पाच-दहा डॉलरांनी गोळा होतात, आणि त्यासाठी वर्षातून काही वेळा वर्गणीचे दिवस असतात. तेव्हा निवेदकाची कसोटी लागते. दोन गाण्यांच्या मधे त्याला पैसे मागायचे असतात, देणाऱ्यांची नावं वाचायची असतात. समोर आकडा वाढतो आहे की थांबला आहे हे दिसत असतं, आणि लोकांना आवडतात तीच चार गाणी लावली तर आकडा चढेल हे त्याला चांगलं माहीत असतं. काही जण तसं करतात. त्यांच्यावर पैशाचं दडपण आहे, मी दोष देत नाही. पण त्या आठवड्यातही कोणीतरी एखाद्या तासात कुठल्याशा गावच्या चार मुलांची, कोणी न ऐकलेली रेकॉर्ड लावतं, आणि तिच्यानंतर पैसे मागतं. मी त्या तासाची वाट पाहते आणि वर्गणी तेव्हाच भरते.