दिल्ली बघायला निघालात? मग १९३१ ची ही सहा पोस्टाची तिकिटं बघून जा!

बारामती-इंदापूरच्या माणसाला दिल्लीचं नाव नवं नाही. राजकारणामुळे पारावर रोजच दिल्लीची चर्चा असते. पण प्रत्यक्ष जायची वेळ आली की लाल किल्ला, कुतुबमिनार, करोलबागेत खरेदी आणि परत, असाच बेत ठरतो. घरात तिकिटं जमवणारं कुणी असेल, तर हीच दिल्ली वेगळ्या वाटेनं बघता येते.

सहा तिकिटांचा नकाशा

फेब्रुवारी १९३१ मध्ये नव्या राजधानीचं उद्घाटन झालं. त्या निमित्तानं सहा तिकिटं निघाली. पाव आण्याच्या तिकिटावर पुराना किल्ला, अर्ध्या आण्यावर इंडिया गेट, एक आण्यावर जुनं संसद भवन, दोन आण्यावर आजचं राष्ट्रपती भवन, तीन आण्यावर सचिवालय आणि एक रुपयावर सचिवालयासमोरचे स्तंभ.

ही सगळी ठिकाणं आजही जागेवर आहेत आणि एकमेकांपासून फार लांब नाहीत. जुन्या संसदेला २०२३ पासून 'संविधान सदन' म्हणतात. राष्ट्रपती भवन आतून बघायचं तर ऑनलाइन बुकिंग आधीच करावं लागतं.

खरा खजिना डाक भवनात

मेट्रोच्या यलो लाईनवर पटेल चौक स्टेशनला उतरलं की जवळच संसद मार्गावर डाक भवन आहे. तिथंच राष्ट्रीय फिलाटेली संग्रहालय आहे.

इथं भेटतो तो 'सिंद डाक'. १ जुलै १८५२ ला निघालेलं हे आशियातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. सुरुवातीला ते लाखेवर उठवलं जायचं, त्यामुळे लगेच तुटायचं. मग ते कागदावर आलं. हे तिकीट काढणारा सिंधचा आयुक्त बार्टल फ्रिअर पुढे १८६२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच काळात मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद', किंमत साडेतीन आणे.

संग्रहालय सरकारी कार्यालयात आहे. म्हणून शनिवार-रविवार आणि सुट्टीचा दिवस टाळा, ओळखपत्र जवळ ठेवा.

जायचं कसं?

बारामतीहून दौंड गाठायचं. दौंडला थांबणारी झेलम एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. इंदापूरकरांनाही दौंड सोयीचं.

निघण्याआधी ट्रंक उघडा

आजोबांची जुनी पत्रं रद्दीत घालू नका आणि पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. तिकीट फाटलं की किंमत गेली. शिक्क्यासकट अख्खं पाकीट जास्त मोलाचं असतं, कारण पत्र कुठून कधी निघालं हे तोच शिक्का सांगतो.

आणि 'जुनं तिकीट द्या, लाखो रुपये घ्या' असा मेसेज आला तर आधी एक पैसाही पाठवू नका. तिकीट जुनं आहे म्हणून महाग होत नाही, ते दुर्मीळ असावं लागतं. शंका असेल तर पुण्याच्या जीपीओतल्या फिलाटेली ब्युरोत जाऊन विचारा. नवी तिकिटंही तिथंच मिळतात.