जुन्या लुगड्याला नवा उजेड

वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेला बालाघाट जिल्हा पूर्वी मध्यप्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्यप्रदेशात राहिला, तरी गोंदिया-भंडाऱ्याशी असलेले त्याचे नाते तुटलेले नाही. या नात्याचा एक धागा हातमागाचा आहे. वारासिवनी येथील हातमागाच्या साड्यांना व कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आणि कोष्टी विणकरांच्या पिढीजात कसबाची यथोचित नोंद झाली.

परंतु नव्या साडीला मान मिळत असताना जुन्या साडीचे काय होते? रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवली की त्या रेषेवर विरते. मग ती बोहारणीच्या गाठोड्यात जाते आणि बदल्यात एखादे भांडे घरात येते. वास्तविक घडीवर विरलेल्या साडीचे काठ व पदर पुष्कळदा धड असतात. अशा कापडापासून दिव्याची शोभिवंत आवरणे, म्हणजेच लॅम्पशेड, घरबसल्या तयार करता येतात. पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशमी व मण्यांच्या झालरीच्या लॅम्पशेडना मोठी मागणी होती. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या आणि मण्यांची तोरणे ओवणाऱ्या हातांना हे काम मुळीच अवघड नाही.

प्रथम कापडाची पारख करावी. कापड उजेडासमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणावे. धागे सरकले वा तुटले तर तो भाग वगळावा. रेशीम रिठ्याच्या थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. जाड तारेचा सांगाडा करून त्यावर सुती पट्टी घट्ट गुंडाळावी. यामुळे गंजाचा डाग कापडावर उतरत नाही व टाके घालण्यास आधार मिळतो. आतून पांढऱ्या सुती कापडाचे अस्तर लावल्यास उजेड सर्वत्र सारखा पसरतो. काठ खालच्या कडेला येईल असे तुकडे बेतावेत. झालरीसाठी काचेचे मणी घ्यावेत. उत्तरप्रदेशातील पुर्दिलनगर त्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लॅस्टिकचे मणी उष्णतेने मऊ पडतात. प्रत्येक सर स्वतंत्र गाठीने बांधावा, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे गळत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. तारेच्या जुन्या बल्बमध्ये बहुतांश विजेची उष्णता होते. असा बल्ब कापडाजवळ असेल तर कापड करपते व आगीचा धोका संभवतो. म्हणून अशा आवरणात कमी वॅटचा एलईडी दिवाच वापरावा, दिवा व कापड यांत किमान चार बोटांचे अंतर ठेवावे आणि वरचे तोंड उघडे राखावे. कापडाचा प्रकार ओळखण्यासाठी एक धागा जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सूत कागदासारखे जळते, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कठीण गोळी होते. वितळणारे कापड या कामी घेऊ नये. शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला हा प्रयोग स्वतः करून दाखवावा. मुलांच्या हाती काडी देऊ नये. वायरिंग जाणकार वीजतंत्र्याकडूनच करून घ्यावे.

बचत गटांच्या दृष्टीने या उद्योगात कच्च्या मालाचा खर्च अल्प व श्रम अधिक आहेत. म्हणून किंमत ठरविताना लागलेले तास मोजलेच पाहिजेत, अन्यथा वस्तू विकली जाईल पण मजुरी पदरात पडणार नाही. तसेच भौगोलिक मानांकन हे मूळ कापडाचे असते. त्यापासून केलेल्या वस्तूवर ते नाव छापून विक्री करू नये. ‘जुन्या हातमाग साडीपासून तयार केलेले’ एवढी सत्य ओळख पुरेशी आहे. गटांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी या दोन्ही बाबी आरंभीच समजावून द्याव्यात.

आणखी एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. धड असलेली जुनी साडी कधीही कापू नये. तिचे काठ, रंग व वीण हा विणकरासाठी नमुना असतो आणि एकदा कात्री लागली की तो परत मिळत नाही. तिची घडी वेळोवेळी बदलून ती जपावी. जी विरली आहे तिचेच आवरण करावे. असे केले तर विणकराचे कसब पेटीत टिकेल, घरातील दिव्याभोवतीही उजळेल आणि शिवणाऱ्या भगिनींच्या हाती चार पैसे येतील.