महायुगांतील सावन दिवस व पोथीचा ताळा

सूर्यसिद्धांताच्या मध्यमाधिकारांत एक दहा अंकी संख्या आहे : १,५७,७९,१७,८२८. एका महायुगांत, म्हणजे ४३,२०,००० सौर वर्षांत, जितके सूर्योदय होतात तितके हे सावन दिवस. पोथींत ही संख्या अंकांनीं नव्हे, तर शब्दांनीं सांगितलेली असते, आणि संग्राहकाची खरी अडचण तेथेंच आहे. भूतसंख्येंत 'अङ्क' म्हणजे ९, परंतु 'अङ्ग' म्हणजे ६. 'अद्रि' ७, 'अब्धि' ४, 'अग्नि' ३. मात्रा सर्वांच्या सारख्याच. लेखकाचा हात चुकला तरी वृत्त मोडत नाहीं, कानास कांहीं खटकत नाहीं. अशा ठिकाणीं छंदःशास्त्राचा उपयोग नाहीं. गणितासच शरण गेलें पाहिजे.

सुदैवानें ही संख्या एकटी नाहीं. चंद्राचे भगण ५,७७,५३,३३६. त्यांतून सूर्याचे ४३,२०,००० वजा केले कीं ५,३४,३३,३३६ चांद्रमास येतात. त्यांस ३० नीं गुणिलें असतां तिथि १,६०,३०,००,०८० होतात, आणि त्यांतून क्षयाह २,५०,८२,२५२ काढिले म्हणजे आपली मूळ संख्या उरते. एक पाठ किडीनें खाल्ला असेल तर राहिलेल्या दोहोंवरून तो भरून काढितां येतो.

झटपट परीक्षेसाठीं नवांचा ताळा आहेच; दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतांत ही रीति सांगितलेली आहे. तिथींचा नवशेष ०, क्षयाहांचा ८. वजा करितां १ आला पाहिजे. सावन दिवसांच्या अंकांची बेरीज ५५, म्हणजे शेष १, ताळा बसला. 'अङ्क' चा 'अङ्ग' झाला असता तर तो बसला नसता. परंतु दोन अंकांची अदलाबदल झाली, किंवा कोणी वामगति विसरून सबंध संख्याच उलटी वाचली, तर बेरीज तीच राहते व नवांचा ताळा आंधळा ठरतो. तेथें अकरांचा ताळा घ्यावा : उजवीकडून एकाआड एक अंक मिळवीत व वजा करीत जावें. सावन दिवसांचा शेष ३ येतो. उलट्या वाचनाचा ८ येतो. चोर सांपडला!

आणखी एक खूण. या सिद्धांतांत ग्रहांचे युगभगण चारांनीं निःशेष भागले जातात : मंगळ २२,९६,८३२, गुरु ३,६४,२२०, शनि १,४६,५६८. महायुगाच्या चतुर्थांशांत, १०,८०,००० वर्षांत, प्रत्येक मध्यम ग्रहाचे पूर्ण फेरे व्हावे अशी ही योजना आहे. चंद्रोच्चाचे ४,८८,२०३ मात्र विषम आहेत; ते पाहून कोणी उत्साहानें लेखणी चालवूं नये.

लेखणी चालविण्याचा मोह हाच आमच्या मतें किडीहून मोठा शत्रु. समजा, एका पोथींत १,५७,७९,१७,५०० असा पाठ मिळाला. हा अपपाठ काय? क्षयाह पाहावे. ते २,५०,८२,५८० असतील तर ताळा बिनचूक बसतो, व तो पाठ आर्यभटाच्या पक्षाचा ठरतो. त्याहून नाजूक प्रकरण १,५७,७९,१७,८०० चें. येथें अवघ्या २८ दिवसांचा फरक असल्यानें कोणीही 'शुद्ध' करावयास धांवेल. परंतु पंचसिद्धांतिकेंत वराहमिहिरानें सौरमताचे १,८०,००० वर्षांतील क्षयाह १०,४५,०९५ दिले आहेत. त्यांस २४ नीं गुणिलें कीं २,५०,८२,२८० येतात, व तिथींतून ते वजा करितां नेमके ८०० वर संपणारे सावन दिवस हातीं लागतात. प्राचीन सूर्यसिद्धांत व हल्लींचा सूर्यसिद्धांत निराळे आहेत, हें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें, तें अशाच आंकड्यांच्या जोरावर. ८०० खोडून ८२८ लिहिणारा प्राचीन मताचा एक साक्षीदारच नाहींसा करितो. मूळ पाठ जसा असेल तसा उतरून घेऊन दुरुस्ती समासांत लिहावी.

हा ताळा करणग्रंथांस लावूं जाऊं नये. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ च्या ग्रहलाघवांत ४०१६ दिवसांचें चक्र धरून या अवाढव्य संख्यांस रजाच दिली आहे.