एल्फिन्स्टन: दगड नव्हे, गाव

मुंबईच्या स्टेशनवरून हे नाव २०१८ मध्ये उतरलं, प्रभादेवी आलं. कॉलेजला मात्र अजून आहे. ते ज्यांच्या नावाचं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'स्टोन' दिसतो, म्हणून लोक दगड शोधतात. तो तिथे नाहीच! स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या पूर्वेला, एल्फिन्स्टन नावाचं छोटं गाव आहे, आडनाव तिथलंच. फोड करा: 'एल्फिन्स' अधिक 'टून'. 'टून' म्हणजे मुळात कुंपणाची वाडी, पुढे गाव. मधला 'स' आपल्या 'चं'सारखा. एल्फिन नावाच्या कुणाचं तरी गाव. जॉन्स्टन तसंच, जॉनचं गाव. आपली गावावरून आलेली आडनावं 'कर' लावतात, यांनी गावाचंच नाव घेतलं. आणि गंमत बघा, आपण मराठीत 'स्टन' म्हणतो, तेच मुळाला जवळचं.